खाडा, रजा आणि बदली : मुंबईच्या गिरण्यांतील गैरहजेरीची कहाणी

कामावर न जाण्यासाठी मराठीत जे शब्द आहेत ते एका ओळीत मांडून पाहिले, तर त्यांच्यातील फरक चटकन ध्यानात येतो. ‘रजा’ या शब्दाच्या मुळाशी संमतीचा अर्थ आहे. रजा कोणीतरी द्यावी लागते. ‘खाडा’ पडतो, त्यात देणारा-घेणारा कोणी नाही, केवळ एक दिवस गळाल्याची नोंद आहे. ‘दांडी’ मात्र मारली जाते, म्हणजे तिच्यात करणाऱ्याचा हेतू गृहीत धरलेला असतो. हजेरीच्या मस्टरावर या तिघांसाठी एकच रिकामी चौकट असते. त्या चौकटीचा अर्थ कोणी लावायचा, या प्रश्नाभोवती मुंबईच्या गिरण्यांचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास फिरत राहिला, असे आम्हांस वाटते. गैरहजेरीचा विचार आज बहुधा व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत होतो. परंतु रिकाम्या जागेचे वाचन हे साहित्याच्या अभ्यासकांचेही काम आहे, म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत धुरांड्यांचे एक नवे गावच उभे राहिले. तेव्हापासून मालकांची एक तक्रार अखंड ऐकू येते : येथील कामगार मनाने शेतकरीच आहे, त्याला भोंग्याची शिस्त नाही, चार पैसे गाठीला लागले की तो गावचा रस्ता धरतो. ही तक्रार मुंबईची खासियत होती असे मात्र मानू नये. इंग्लंडमधील कारागीर रविवारला जोडून सोमवारही सुटीचाच मानीत आणि त्या सोमवाराला थट्टेने संतपद दिले गेले होते. ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले आहे की, घड्याळाच्या तालावर चालणारा कामगार जन्माला येत नाही. दंड, घंटा, शाळा आणि प्रवचने यांच्या साह्याने तो पिढ्यान्‌पिढ्या घडवावा लागतो. तेव्हा ‘हिंदी कामगाराचा स्वभाव’ या सबबीखाली जे सांगितले जाई, ते कारखानदारीच्या बाल्यावस्थेत सर्वत्रच आढळणारे होते.

आता ज्या दिवसातून हा कामगार गैरहजर राहत असे, तो दिवस कसा होता हे पाहिले पाहिजे. १८८१ चा कारखान्यांचा पहिला कायदा मुलांपुरता होता. प्रौढ पुरुषांच्या तासांना त्याने हात लावला नाही. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. अशा काळात नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरविली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सिद्ध केला. त्यातील मागण्या आज वाचताना साध्या वाटतात : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. या यादीकडे हजेरीच्या दृष्टीने पाहावे. विश्रांती, आजारपण आणि अपघात ही न येण्याची तीन कारणे येथे पहिल्यांदा हक्काच्या भाषेत मांडली गेली. रविवारची सुटी १८९० मध्ये गिरणीमालकांच्या संघटनेने मान्य केली. तोवर ज्याला विसावा हवा त्याला खाड्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. खाडा हीच त्याची रजा होती.

पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही गेली. कामाचा दिवस कित्येक ठिकाणी चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने घातली. १९२२ मध्ये आठवड्याचे साठ, १९३४ मध्ये चोपन्न आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तास झाले. इतक्या लांब दिवसांत कामगार यंत्राजवळ नसल्याच्या ज्या तक्रारी होत्या, त्यांत पाणी पिणे, जेवणे आणि बिडी ओढणे याही गोष्टी येत. जेथे विश्रांतीला नियमात जागा नाही, तेथे ती नियमाच्या फटीतून घेतली जाते.

गावाच्या ओढीचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या दर शंभर रहिवाशांपैकी सुमारे चौऱ्याऐंशी जण शहराबाहेर जन्मलेले होते. गिरणगावात रत्नागिरी आणि देशावरचे सातारा, पुणे यांसारखे जिल्हे पदोपदी भेटत. उन्हाळ्यात लग्ने, जत्रा, घराची शाकारणी आणि पेरणीपूर्वीची कामे एकत्र येत, आणि त्याच महिन्यांत गिरण्यांतील हजेरी रोडावे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा तर शहरच रिकामे होऊ लागले. उरलेल्या हातांसाठी गिरण्यांत चढाओढ लागून रोजच्या रोज मजुरी देण्याची पाळी आली. ज्यांनी रविवार मिळवून दिला, ते लोखंडेही १८९७ मध्ये प्लेगातच गेले. मृत्यूच्या भयाने गाव गाठणारा आणि जत्रेसाठी गाव गाठणारा हे दोघे मस्टरावर मात्र सारखेच दिसत.

ही ओढ म्हणजे मागासलेपण, हे मत अभ्यासकांनी पुढे खोडून काढले. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ मध्ये असे मांडले की, गिरण्यांना कामगारांचा तुटवडा फारसा कधी जाणवलाच नाही आणि बेशिस्तीचे मूळ कामगाराच्या संस्कृतीपेक्षा मालकांच्या कारभारात शोधावे. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात आणखी पुढे जाऊन दाखविले की, गाव हा कामगाराचा आधार होता. आजारपण, बेकारी, संप, म्हातारपण या साऱ्यांची तजवीज शहर करीत नव्हते. ती गावच्या तुकडाभर जमिनीवर आणि नातलगांवर सोपविलेली होती. मग ते नाते टिकविण्यासाठी वर्षाकाठी महिनाभर जाणे हा कामगाराने भरलेला विम्याचा हप्ताच नव्हे काय? शहाण्या माणसाने तो चुकवू नये, हेच स्वाभाविक होते.

या चित्रात ‘बदली’ येतो. सरकारी नोकरीत बदली होते. गिरणीत मात्र माणूसच ‘बदली’ असतो. रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे आणि कायम कामगारांपैकी कोणी आला नसेल तर त्याच्या जागी उभे राहायचे, हे त्याचे काम. एकाचा खाडा ही दुसऱ्याची भाकरी. कोणत्या बदलीला आत घ्यायचे हे बहुतांशी जॉबर ठरवी, आणि त्या निवडीला दस्तुरीची किंमत असे. म्हणजे हजेरीवर देखरेख करणाऱ्यालाच गैरहजेरीतून मिळकत होती. मालकांनाही फाटकाशी उभी असलेली ही गर्दी सोयीची होती : बाजारात मागणी वाढली की हात वाढवावेत, मंदी आली की कमी करावेत. कामगाराच्या अस्थिरतेबद्दल हळहळणारी व्यवस्थाच त्या अस्थिरतेवर उभी होती.

उपाय म्हणून प्रथम शिक्षाच हाताशी धरली गेली. ‘दुबार खाडा’ ही पद्धत त्यांतील सर्वांत बोलकी : एक दिवस न आल्यास दोन दिवसांचे वेतन कापायचे. १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने जितकी गैरहजेरी तितकीच कपात, असे बंधन घातले. परंतु त्याच कलमात एक अपवाद होता. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, आवश्यक सूचना व सबळ कारण न देता गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचे वेतन कापण्याची मुभा होती. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाची आठवण तेव्हा ताजी होती. एकट्याचा खाडा आणि दहांचा खाडा यांतील फरक कायद्याला नेमका कळला होता. पहिल्यात त्याला नुकसान दिसले आणि दुसऱ्यात बंड.

स्त्रियांच्या बाबतीत तर रिकाम्या चौकटीचे मौन अधिकच खोल आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गिरणी कामगारांत त्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. बाळंतपणासाठी घरी राहिलेली स्त्री केवळ ‘गैरहजर’ असे, आणि तिच्या जागेची हमी नसे. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला. एका विशिष्ट गैरहजेरीला कायद्याने नाव दिले, आणि नाव मिळताच ती दोष उरली नाही.

आमच्या मते गैरहजेरी कमी करण्याचे मर्म येथेच आहे. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या व्हिटले आयोगाने, कामगाराने रजा मागून जावे यासाठी त्याला उत्तेजन द्यावे आणि परतल्यावर त्याचे काम त्यालाच मिळेल असा भरवसा द्यावा, अशी शिफारस केली होती. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांनी बदल्यांना नोंदणीची कार्डे देऊन फाटकावरील मनमानीला काहीसा आळा घातला. १९४८ च्या कारखाना कायद्यात वर्षाला २४० दिवस भरणाऱ्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळाली. त्याच वर्षीच्या राज्य विमा कायद्याने आजारपणाला वैद्यकीय दाखला आणि भत्ता दिला. शिक्षेने खाडा लपविला जातो. हक्काने त्याची रजा होते आणि रजेची आखणी करता येते.

मात्र हक्काच्या उंबरठ्यावरही बदली बाहेरच राहिला. २४० दिवस भरण्याची अट ज्याला रोज काम मिळेल त्याच्यासाठी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा बदल्यांना कायम करावे ही एक प्रमुख मागणी होती. त्या संपातही हजारो कामगार गावी गेले. जुना आधार पुन्हा कामी आला. परंतु या वेळी परतण्यासाठी अनेकांच्या गिरण्याच उरल्या नाहीत. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या आणि रजेसाठीची अट १८० दिवसांवर आली. तरीही ज्यांचे नाव कोणत्याच मस्टरावर नाही, अशा मोबाइलवरून काम घेणाऱ्या माणसांचा खाडा मोजणार तरी कोण? त्यांच्यासाठी फाटक गेले. फाटकाशी उभे राहणे गेले नाही.

मराठी साहित्याने ही चौकट भरण्याचा प्रयत्न केला आहे. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ (१९३३) गिरणगावात शिरली. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’मध्ये मुंबईतला माणूस गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो, मस्टरावर तो हजर आहे, पण घराच्या दृष्टीने गैरहजर. नारायण सुर्वे यांना वाढविणारे गंगाराम सुर्वे गिरणी कामगारच. निवृत्तीनंतर ते कोकणातल्या गावी परतले आणि कोवळा नारायण मुंबईत एकटा राहिला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये (१९९७) संपानंतरचे घर आहे, जेथे कोणालाच जाण्यासाठी कामाची जागा नाही. या कृती एकत्र वाचल्या म्हणजे ध्यानात येते की, गिरणी कामगार कोठे ना कोठे सतत गैरहजरच होता : गावी असता गिरणीत, गिरणीत असता गावी. मालकाच्या वहीने त्यातला एकच खाडा मोजला. दुसरा खाडा बायकांनी, मुलांनी आणि म्हाताऱ्या आईबापांनी सोसला, आणि त्याचे वेतन कोणाकडूनही कापले गेले नाही.