अभिलेख कक्षाचे दार आणि चौकशीची खिडकी

शासकीय इमारतीत अभिलेख कक्षाला शक्यतो एकच दार असते. किल्ली कोणाकडे राहील, आत कोण जाईल, नोंद कुठे होईल, हे सारे ठरलेले असते. हेच अभिलेख डेटाबेसमध्ये गेले, तेव्हा त्यांना किती दारे ठेवायची हा प्रश्न मात्र बहुतेक कार्यालयांत कुणी विचारलाच नाही. तो तांत्रिक प्रश्न मानला गेला आणि यंत्र बसवणाऱ्यावर सोपवला गेला. याची किंमत काय असते, हे सांगणारा एक इतिहास आहे.

मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर १९८९ साली, सायबेस आणि ॲश्टन-टेट या कंपन्यांच्या सहभागाने, ओएस/२ या प्रणालीसाठी बाजारात आला. त्या काळी प्रत्येक कार्यालयाचे जाळे वेगळी भाषा बोलत असे. नॉव्हेलच्या जाळ्यावर आयपीएक्स/एसपीएक्स चाले, तर मायक्रोसॉफ्टच्या जाळ्यावर नेमड पाइप्स. ग्राहक कुठलाही असो, त्याच्याशी बोलता यावे म्हणून सर्व्हरला अनेक प्रोटोकॉल देण्यात आले. पुढे इंटरनेटबरोबर टीसीपी/आयपी सर्वत्र पोचला आणि १४३३ हा पोर्ट एसक्यूएल सर्व्हरचा ठरलेला पत्ता झाला. प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे होते. प्रोग्राम आणि डेटाबेस एकाच यंत्रावर असतील तर शेअर्ड मेमरी पुरे. तिथे जाळ्याची गरजच नाही. नेमड पाइप्स एका इमारतीतल्या वेगवान जाळ्यावर ठीक चालतात. पण त्यांत पुन्हापुन्हा निरोपांची देवाणघेवाण होत असल्याने दूरच्या मंद जोडणीवर रखडतात. गावोगावच्या कार्यालयांना जोडायचे तर टीसीपी/आयपी हवा.

एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये एकाच यंत्रावर अनेक डेटाबेस-सर्व्हर चालवण्याची सोय झाली. मग कोणता सर्व्हर कोणत्या पोर्टवर आहे, हे सांगायला कुणीतरी हवे. त्यासाठी यूडीपीच्या १४३४ पोर्टवर जणू एक चौकशीची खिडकी उघडण्यात आली. टीसीपीमध्ये आधी ओळखपाळख होते, मग बोलणे सुरू होते. यूडीपीमध्ये तसे नाही. तिथे आलेला निरोप थेट स्वीकारला जातो. या खिडकीमागच्या प्रोग्राममध्ये एक दोष होता. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्ये प्रसिद्ध केली. ती अनेकांनी बसवलीच नाही.

२५ जानेवारी २००३. शनिवार. भारतात सकाळचे अकरा वाजण्याच्या सुमारास, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, त्या खिडकीतून ‘स्लॅमर’ आत शिरला. अवघ्या ३७६ बाइट्सचा हा जंतू एकाच निरोपात मावत होता आणि ओळखपाळखीची गरज नसल्याने त्याला थांबावेच लागत नव्हते. सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी बाधित यंत्रांची संख्या दुप्पट होत होती. दहा मिनिटांत, ज्यांना बाधा होऊ शकत होती अशी सुमारे ९० टक्के यंत्रे त्याने गाठली. एकूण किमान ७५ हजार. दक्षिण कोरियात इंटरनेट कोलमडले. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाची हजारो एटीएम अडली. ओहायोतील डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात, जे सुदैवाने तेव्हा बंद होते, सुरक्षा-निदर्शक यंत्रणा जवळजवळ पाच तास मिळेनाशी झाली. तिथे फायरवॉल होती. परंतु एका कंत्राटदाराची जोडणी तिला वळसा घालून आत आलेली होती. खुद्द मायक्रोसॉफ्टची काही यंत्रेही यातून सुटली नाहीत.

या घटनेतील सर्वांत बोधप्रद गोष्ट वेगळीच आहे. अनेक ठिकाणी, आपल्याकडे असा सर्व्हर चालू आहे, हेच संबंधितांना ठाऊक नव्हते. दुसऱ्याच एखाद्या सॉफ्टवेअरबरोबर त्याची छोटी आवृत्ती येऊन बसली होती, खिडकीसकट.

पुढे एसक्यूएल सर्व्हर २००५ मध्ये धोरण उलटले. एक्स्प्रेस आणि डेव्हलपर आवृत्त्यांत टीसीपी/आयपी मुळातच बंद ठेवला गेला. ज्याला हवा त्याने जाणीवपूर्वक चालू करावा. अनेकांना हा त्रास वाटला. प्रशासनाच्या दृष्टीने मात्र ही मोठी सुधारणा होती, कारण उघडण्याचा निर्णय आता कुणाच्या तरी नावावर जमा होऊ लागला.

भारतात जानेवारी २००४ मध्ये सर्ट-इन ही संस्था कार्यरत झाली. तिच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. पण घटना कळवणे ही नंतरची पायरी झाली. आधीची पायरी साधी आहे आणि ती कार्यालयप्रमुखाचीच आहे. लागेल तेवढाच प्रोटोकॉल चालू ठेवावा. पोर्ट कायमचा ठरवून संबंधितांना कळवावा, म्हणजे चौकशीची खिडकी बंद करता येते. फायरवॉलमधून केवळ ठरलेल्या यंत्रांनाच डेटाबेसपर्यंत येऊ द्यावे. कंत्राटदाराची जोडणी काम संपताच तोडावी. आणि हे सर्व एका कागदावर, तारीख आणि सहीनिशी, नस्तीत ठेवावे.

बदली होऊन नव्या जागी रुजू होताना आपण तिजोरीच्या किल्ल्या मोजून घेतो. डेटाबेसच्या उघड्या दारांची यादी कधी मागितली आहे का?