मशेरीपासून म्हसरूळपर्यंत

नाशिकरोड स्टेशनाबाहेर पडलं की ‘बिटको’ हे नाव कानावर पडल्याशिवाय राहत नाही. चौक बिटकोचा, महापालिकेचं रुग्णालय बिटकोचं, शाळेच्या पाटीवरही तेच नाव. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांच्या मोरीतल्या फळीवर हे नाव काळ्या दंतमंजनाच्या डबीवरून पोचलं होतं. राखुंडी, कोळशाची पूड, मीठ, बाभळीची काडी यांच्या जागी विकतचं मंजन येत होतं तो हा काळ. मुंबईचं माकडछाप काळं मंजन, १९५२ साली सुरू झालेल्या विकोची वज्रदंती, आणि नाशिकचं बिटको. ज्या शहराच्या नकाशावर एका मंजनाचं नाव इतकं ठळक आहे, तिथे दातांचं शिक्षण मात्र फार उशिरा आलं.

त्याच फळीवर अनेक घरांत आणखी एक डबी असे. मशेरीची.

मशेरी घरीच व्हायची. तंबाखू तव्यावर टाकून काळी पडेपर्यंत भाजायची. भाजताना असा ठसका उठायचा की पोरं अंगणात पळायची. मग ती कुटून, वस्त्रगाळ करून डबीत. सकाळी तर्जनीवर चिमूट घेऊन दातांवर, हिरड्यांवर चोळत बाई उंबऱ्याशी बसायची. सुरुवात ‘दात स्वच्छ होतात’ या समजातून, कधी दाढदुखीवरचा उपाय म्हणून. पण तंबाखूच ती. एकदाची दोनदा व्हायची, मग दुपारच्या कामाआधी, रात्री झोपताना. सासूची डबी सुनेकडे यायची. नाशिक जिल्ह्यात तंबाखूचा दुसरा धागा सिन्नरचा. विड्या वळण्याच्या धंद्याची ती मोठी पेठ, आणि सुपात पानं-तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या हातांत बायकांचे हात जास्त. तंबाखू या मुलखात रोजगारही होती आणि दंतमंजनही.

या सवयीची शास्त्रीय मोजदाद झाली ती मुंबईतून, आणि तीही अनपेक्षित ठिकाणाहून. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणजे होमी भाभांची, भौतिकशास्त्राची आणि गणिताची. तिथेच मूलभूत दंतसंशोधन विभाग उभा राहिला आणि डॉ. फली मेहता यांनी तो नावारूपाला आणला. मेहतांनी आधी मुंबईच्या पोलिसांची तोंडं तपासली होती. पान आणि विडी यांचा तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांशी काय संबंध, हा प्रश्न त्यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत धरून ठेवला. पोलिसांच्या एका गटाचा तर दहा वर्षं पाठपुरावा केला. १९६६ नंतर मेहतांच्या संशोधक गटाने एर्नाकुलम, श्रीकाकुलम, भावनगर, दरभंगा आणि सिंहभूम या पाच जिल्ह्यांत ५० हजारांहून अधिक खेडुतांची तपासणी केली. आणि मग पुणे जिल्हा.

पुणे जिल्ह्यातल्या पाहणीत १,०१,७६१ ग्रामस्थांचं तोंड तपासलं गेलं. या पाहणीवरचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. कोपनहेगनचे विख्यात मुखरोगतज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग त्याच्या लेखकांत होते. आकडा वाचायला सोपा आहे. पण एक लाख माणसं खेड्यात गाठायची, उजेडाकडे तोंड करून बसवायची, गाल आरशाने बाजूला सारून आतली कातडी पाहायची, काय खाता, काय ओढता, काय लावता हे विचारून लिहून घ्यायचं, हे काम ज्याने एखादं शिबिर जरी भरवलं असेल त्याला कळेल. जवळपास निम्म्या बायका धूर न काढता तंबाखू वापरत होत्या आणि त्यांत मशेरीचा वाटा मोठा होता, हे या पाहणीने आकड्यानिशी पुढे आणलं. दवाखान्यात बसून ते कधीच दिसलं नसतं, कारण या बायका दवाखान्यात येतच नव्हत्या.

शिक्षणाची वाट वेगळी होती. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३चं. बाकी महाराष्ट्राचा दात आठवडी बाजारातला चिमटेवाला नाहीतर न्हावी उपटत होता. १९४८च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. एकात पदवीधर, दुसऱ्यात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे. हा व्यवहारी निर्णय होता. पदवीधर इतके कमी होते की जुन्या हातांना एकदम बाहेर काढलं असतं तर जिल्हेच्या जिल्हे दंतवैद्याविना राहिले असते.

नाशिकला महाविद्यालय मिळालं ते १९९१ मध्ये. महात्मा गांधी विद्यामंदिर या संस्थेने पंचवटीत कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय सुरू केलं. खासगी दंत महाविद्यालयांचा विस्तार होत होता तो हा काळ. तेव्हा वैद्यकीय, दंत, आयुर्वेद महाविद्यालयं आपापल्या भागातल्या पारंपरिक विद्यापीठांना जोडलेली असायची. एकच पदवी, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठागणिक वेगळ्या. जून १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं, त्याचं मुख्यालय नाशिकला दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आलं, आणि सगळ्या राज्याचं आरोग्यशिक्षण एका छत्राखाली आलं. मुंबई-पुणे सोडून नाशिकची निवड झाली, ही गोष्ट शहराने आजही पुरेशी मनावर घेतलेली नाही.

पहिल्या वर्षाचा दंतविद्यार्थी मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरतो. प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खाच मापात हवी. चुकलं की ठोकळा नवा. चार वर्षं आणि वर्षाची आंतरवासिता यांत हाताला वळण लागतं. सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्राच्या विभागातून तो शाळेत, वस्तीत जातो आणि किडलेले, काढलेले, भरलेले दात मोजून निर्देशांक काढतो. ही पद्धत १९३८ची, अमेरिकन. गुटख्याच्या पुड्या गावोगाव पोचल्यावर या तपासणीत आणखी एक गोष्ट आली: तोंड किती उघडतं. तीन बोटं उभी आत जातात का? वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर किती मिलिमीटर? सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. मुंबईतल्या डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा तो दुर्मीळ वाटत होता. राज्याने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, २००४ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, आणि जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा आली.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन वर्षांत प्रबंध लिहावा लागतो. विषय मंजूर होणं, नैतिकता समितीची परवानगी, रुग्ण गोळा करणं, आकडेमोड; हातात खरा वेळ दीड वर्षाचा. याउलट मेहतांच्या गटाने १९७७ पासून तीन जिल्ह्यांतल्या ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांची सवय सोडवण्याचा प्रयोग केला तो दहा वर्षं चालला, आणि समजावणं उपयोगी पडतं हे त्यातून सिद्ध झालं. सिन्नर आणि त्र्यंबकेश्वर नाशिकपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. एका तुकडीने तपासलेली गावं पुढच्या तुकडीने पुन्हा तपासली, तेच तक्ते, तीच घरं, तर दहा वर्षांचा पाठपुरावा तीन-तीन वर्षांच्या प्रबंधांतूनही उभा राहू शकतो. त्यासाठी लागतं ते फक्त जुन्या प्रबंधांतले तक्ते नव्या विद्यार्थ्याच्या हाती देणारं मार्गदर्शकांचं एकमत.