मणका, मज्जातंतु आणि पामर यांचें हस्तलाघव

कमरेंतून निघालेली कळ मांडीमागून पोटरींत उतरली, किंवा मानेपासून बोटांपर्यंत मुंग्या येऊं लागल्या, म्हणजे घरांत “गादी सरकली” असें निदान होतें आणि कोणीतरी मणके बसवून देणाराचा पत्ता सांगतो. अमेरिकेंत हाच धंदा ‘कायरोप्रॅक्टिक’ या नांवानें कसा उभा राहिला, ती हकीकत आम्हांस मोठी बोधक वाटते.

आयोवा संस्थानांतील डॅव्हनपोर्ट गांवीं डॅनियल डेव्हिड पामर हे गृहस्थ चुंबकोपचार करीत. (आडनांव पामर असलें तरी वृत्ति मुळींच तशी नव्हती.) त्यांच्या इमारतीची झाडलोट करणारा हार्वे लिलार्ड बहिरा होता. १८९५ च्या सप्टेंबरांत त्याच्या पाठीचा एक मणका आपण दाबून बसविला आणि त्यास ऐकूं येऊं लागलें, असें पामर सांगत. आतां श्रवणाचा मज्जातंतु मेंदूकडून थेट कानाकडे जातो. पाठीच्या वाटेस तो फिरकतहि नाहीं! पण त्या एका अनुभवावर पामर यांनीं सारें शास्त्र रचलें, आणि १९१० सालच्या ग्रंथांत शेंकडा ९५ रोग सरकलेल्या मणक्यांमुळें होतात असें लिहून टाकलें. तत्पूर्वीं, १९०६ सालीं, परवान्यावांचून वैद्यकी केल्याबद्दल शिक्षा झाली, तेव्हां दंड न भरतां ते आधीं तुरुंगांत गेले. शास्त्रास पुरावा मिळाला नाहीं. अनुयायांस पुढारी मात्र मिळाला.

तथापि सारी भोंदूगिरीच म्हणून हें झटकून टाकणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. मज्जातंतु दाबला जातो ही कल्पना हातापायांच्या कळेपुरती अगदींच खोटी नव्हती. नेपल्सच्या कोतुन्यो यांनीं १७६४ सालींच पायांतील अशी कळ सांध्याच्या दुखण्याहून वेगळी, मज्जातंतूची, म्हणून सांगितली होती. आपल्या वैद्यांची ‘गृध्रसी’ ती हीच. दाबणारें काय, हें १९३४ सालीं बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शस्त्रवैद्यांनीं स्पष्ट केलें. दोन मणक्यांमधील गादी फाटून तिचा गर मज्जातंतूच्या मुळाशीं येतो. मणका सहसा जागचा हललेला नसतो. मग बसवावयाचा तो काय?

तरी पुष्कळांस बरें वाटतें. एक तर हाताच्या दाबानें स्नायूंचा ताठा कांहीं वेळ सैल पडतो, आणि नुसत्या पाठदुखीस त्याचा थोडाबहुत उपयोग होतो हें आतां डॉक्टरहि मान्य करतात. दुसरें असें कीं, बाहेर आलेला गर बहुधा आपोआप आटतो. कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत कळ उतरते, आणि त्या वेळीं ज्याचा हात पाठीवर असेल त्यास यश लाभतें.

१९७६ सालीं कांहीं कायरोप्रॅक्टरांनीं अमेरिकन वैद्यक संघावर दावा लावला आणि १९८७ सालीं न्यायमूर्ति सुझन गेट्झेंडॅनर यांनीं संघाचा बहिष्कार बेकायदा ठरविला. हा निकाल व्यापाराच्या कायद्याचा होता. पामर यांच्या सिद्धान्ताचा नव्हे.

रोग्याची गोष्ट निराळी. मधुमेहानें तळपाय बधिर होतात, तेथें तंतूच झिजलेला असतो. पाठ कितीहि दाबली तरी जातो तो केवळ वेळ. मानेस दिलेल्या झटक्यानें क्वचित् मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटते. आणि पायाच्या कळेबरोबर बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशीं इस्पितळ गांठावें लागतें. एका दिवसाच्या दिरंगाईनें पाय कायमचा लुळा पडूं शकतो.