ईजिमा, सुमिओ

(२ मे १९३९ – ). जपानी भौतिकीविज्ञ. कार्बन नॅनोनलिकांची अणुरचना उलगडून दाखविल्याबद्दल प्रसिद्ध. सायतामा प्रांतात जन्म. सेन्दाईच्या तोहोकू विद्यापीठातून १९६८ मध्ये घन-अवस्था भौतिकीत डॉक्टरेट. १९७० मध्ये ते ॲरिझोना स्टेट विद्यापीठात जॉन काऊली यांच्याकडे गेले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच रमले. टायटॅनियम-नायोबियम ऑक्साइडातील धातू-अणूंची मांडणी त्यांनी १९७१ मध्ये थेट छायाचित्रात दाखविली. १९८० मध्ये त्यांनी एकात एक बसलेली कार्बनची गोल कवचे टिपली. या कवचांचे मोल फुलरीनच्या (कार्बन-अणूंच्या पोकळ, पिंजऱ्यासारख्या रेणूंच्या) शोधानंतर कळले. १९८२ मध्ये मायदेशी परतल्यावर सुमारे २ नॅनोमीटरचे सोन्याचे कण क्षणाक्षणाला आकार बदलतात, हे त्यांनी चित्रफितीवर नोंदविले. १९८७ मध्ये ते एनईसी कंपनीच्या संशोधन विभागात दाखल झाले.

फुलरीन मिळविण्यासाठी ग्रॅफाइटच्या कांड्यांमध्ये विद्युत् प्रज्योत पेटवीत. बहुतेकांचे लक्ष काजळीकडे असे. ईजिमांनी ऋणाग्रावर जमलेला थर तपासला. त्यात ४ ते ३० नॅनोमीटर जाडीच्या सुया दिसल्या. प्रत्येक सुई म्हणजे एकाक्ष नळ्यांची रास : किमान २, कमाल सुमारे ५० भिंती, दोन भिंतींत ०.३४ नॅनोमीटर अंतर, आणि अणूंची षट्कोनी जाळी अक्षाभोवती मळसूत्री वळलेली. या नॅनोनलिकांवरील त्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये ७ नोव्हेंबर १९९१ रोजी आला.

अशा पोकळ कार्बनतंतूंची चित्रे रदुश्केविच व लुक्यानोविच यांनी १९५२ मध्ये, तर मोरिनोबू एंदो यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली होती. तेव्हा ‘आद्य शोधक’ हे बिरुद ईजिमांना सरसकट लावणे बरोबर नाही. रचना अचूक वाचण्याचे श्रेय मात्र निर्विवाद त्यांचेच, आणि तो योगायोगही नव्हता, त्यामागे दोन दशकांची सरावलेली नजर होती. १९९३ मध्ये त्यांनी व त्यांचे सहकारी इचिहाशी यांनी एकभित्तिक नलिका मिळविल्या. आयबीएममधील डोनाल्ड बेथ्यून यांच्या गटालाही त्या त्याच सुमारास स्वतंत्रपणे सापडल्या.

१९९९ पासून ते मेइजो विद्यापीठात प्राध्यापक होते. फ्रँकलिन पदक (२००२), लुई ब्रुस यांच्यासह पहिले नॅनोविज्ञान काव्हली पारितोषिक (२००८) आणि जपानचा संस्कृती सन्मान (२००९) त्यांना मिळाले. नलिका मोठ्या प्रमाणावर बनविण्याची अडचण मात्र रेंगाळली. ईजिमांच्या नेतृत्वाखालील त्सुकुबाच्या सरकारी संशोधन केंद्रात केन्जी हाता प्रभृतींनी २००४ मध्ये किंचित बाष्प सोडून १० मिनिटांत २.५ मिमी. उंचीच्या एकभित्तिक नलिका वाढविल्या. याच पद्धतीवर झिऑन कंपनीने २०१५ मध्ये तोकुयामा येथे कारखाना सुरू केला.