भिंतीवरच्या गोधडीची कुळकथा

रंगवलेल्या आणि छापलेल्या कापडाचे तुकडे जोडून, थरांवर थर घालून आणि त्यांतून टाके मारून केलेले चित्र म्हणजे आर्ट क्विल्ट. ते पांघरायचे नसते, टांगायचे असते. बांधणी मात्र पांघरुणाचीच: वर चित्राचे कापड, मध्ये कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, खाली अस्तर. आपल्या गोधडीत असा वेगळा मधला थर नसतो. जुनी लुगडी-धोतरेच एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवतात.

या कलेचे नाव अमेरिकी असले, तरी तिच्यातल्या रंगीत कापडाचे मूळ कोरोमंडल किनाऱ्यावर आहे. मच्छलीपट्टणच्या परिसरात सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि म्हशीच्या दुधात भिजवत. दुधातल्या स्निग्धपणामुळे कलमाने काढलेली रेघ फुटत नसे. काळ्या रेघेसाठी लोखंडाचे पाणी, लालसाठी तुरटी. मग कापड लाल रंगाच्या मुळ्यांबरोबर उकळले, की तुरटी लागलेल्या जागीच लाल रंग पक्का बसे. निळीसाठी उरलेला भाग मेणाने झाकत. धुतले तरी न उतरणारे हे रंग युरोपला अपूर्वाईचे होते. सतराव्या शतकात या कापडाचे पलंगपोस तिकडे इतके खपू लागले, की तिथले विणकर हवालदिल झाले. फ्रान्सने 1686 मध्ये या कापडावर बंदी घातली, ती 1759 पर्यंत टिकली. इंग्लंडनेही 1721 च्या कायद्याने छापील सुती कापड वापरण्यालाच मनाई केली आणि 1774 मध्ये ती उठवली.

महाग कापडाची चिंधीही कोणी टाकत नाही. त्यातली फुले, पक्षी, झाडे कातरून साध्या पांढऱ्या कापडावर मांडायची आणि कडा बारीक टाक्यांनी बसवायच्या, ही रीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-अमेरिकेत रुळली. तिला पुढे ‘ब्रॉडरी पर्स’, म्हणजे इराणी भरतकाम, असे नाव पडले. कापड हिंदुस्थानी, कात्री इंग्रज आणि श्रेय इराणला! तरीही छापील चित्र उचलून नव्या रचनेत बसवण्याची आजची युक्ती इथे पुरती तयार झालेली दिसते.

गोष्ट सांगणारे क्विल्ट अमेरिकेत घडले. जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्सने बायबलमधले प्रसंग कापडाच्या आकृत्यांतून मांडले आणि 1886 मध्ये ते क्विल्ट अथेन्सच्या कापूस मेळ्यात ठेवले. एका चित्रकला-शिक्षिकेने ते विकत मागितले, तेव्हा हॅरिएटने नकार दिला. पुढे हात तंग झाल्यावर दहा डॉलर सांगून पाच डॉलरला द्यावे लागले. आज ते स्मिथसोनियन संस्थेत आहे.

क्विल्ट कलादालनात पोचले ते 1971 मध्ये. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जुनी क्विल्ट अमूर्त चित्रांसारखी भिंतींवर लावली. प्रदर्शन गाजले, पण शिवणाऱ्या बहुतेक बायका अनामिकच राहिल्या, ही स्त्रीवाद्यांची तक्रार रास्त होती.

रंग, छपाई आणि टाका यांचा मेळ घालणाऱ्यांत अमेरिकी चित्रकार फेथ रिंगगोल्ड (1930–2024) हे नाव सर्वांत मोठे. ॲमस्टरडॅमच्या संग्रहालयात तिने कापडी चौकटीतली तिबेटी थांगका चित्रे पाहिली आणि आपल्या चित्रांनाही कापडाच्या कडा लावल्या. असे चित्र गुंडाळून कुठेही नेता येई, हा व्यवहारही त्यात होता. तिची आई विली पोसी कपड्यांची डिझायनर. तिच्याबरोबर 1980 मध्ये पहिले क्विल्ट झाले. 1988 च्या ‘टार बीच’मध्ये कॅनव्हासवर ॲक्रिलिकने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतली रात्रीची गच्ची रंगवली आहे, वर-खाली पट्ट्यांवर गोष्ट लिहिली आहे आणि भोवती छापील कापडाचे चौकोन जोडले आहेत.

हे काम दिसते तितके सोपे नाही. रंगाचा जाड थर बसला, की कापड कडक होते, सुई अडते, दोरा तुटतो. आणि एकदा पडलेले भोक रंगात कायमचे राहते. म्हणून ॲक्रिलिक रंगात कापडासाठीचे माध्यम मिसळून तो पातळ लावतात, वाळल्यावर इस्त्रीने पक्का करतात. ठसे, स्क्रीन किंवा इंकजेट प्रिंटरने छापलेले तुकडे त्यानंतर जोडतात. टाके सर्वांत शेवटी येतात आणि चित्राला उठाव देतात. हात घाईचा असेल, तर इथेच सगळे बिघडते.

ओहायो राज्यातल्या अथेन्स गावी एका जुन्या गोठ्याच्या इमारतीत 1979 मध्ये ‘क्विल्ट नॅशनल’ हे आर्ट क्विल्टचे प्रदर्शन सुरू झाले. दर दोन वर्षांनी ते भरते. रंग आणि छपाईला तिथे मोकळीक आहे. मुख्य अट साधारणपणे ही, की कलाकृतीला किमान दोन थर हवेत आणि ते टाक्यांनी किंवा सगळ्या थरांतून आरपार जाणाऱ्या दुसऱ्या कशाने तरी धरलेले हवेत.