तंबाखू : साडेतीनशे वर्षे लांबलेली चाचणी

बुलढाणा जिल्ह्यातील शाळांची सहल बहुधा एकदा तरी सिंदखेडराजाला जाते. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचे जन्मस्थान मुले पाहतात. परतीच्या वाटेवर मोठ्यांपैकी कोणीतरी पुडी काढतो, तळहातावर चुना लावून तंबाखू मळतो आणि चिमूट ओठाआड ठेवतो. कोणी हटकले, तर उत्तर ठरलेले असते : “अहो, हे पूर्वापार चालत आले आहे.”

पूर्वापार म्हणजे किती? जिजाऊंचा जन्म १५९८ चा. तंबाखूचे झाड मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगिजांमार्फत ते आपल्याकडे आले. जिजाऊ लहान असताना, १६०४ च्या सुमारास, अकबराचा दरबारी असद बेग विजापूरहून परतला. त्याने बादशहासाठी एक नवलाची वस्तू आणली होती : तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी. मोगल दरबाराला ही चीज अपरिचित होती. म्हणजे ही परंपरा जेमतेम चारशे वर्षांची आहे.

पुढची हकीकत असद बेगनेच लिहून ठेवली आहे. बादशहाने थोडे झुरके घेतले, तेव्हा हकिमाने त्याला अडवले. आपल्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही. चाचणी घेतल्याशिवाय फिरंग्यांची चाल आपण का उचलावी, असा त्याचा मुद्दा होता. जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीच असते, असे असद बेगने उत्तर दिले. उत्तर चतुर होते; पण प्रश्न होता चाचणीचा, आणि तो तसाच राहिला. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखू ओढण्यावर बंदी घातली, तरी सवय पसरतच गेली.

मग चाचणी झाली केव्हा? त्यासाठी आपल्याला विसाव्या शतकात यावे लागते.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. गोव्यात केपे येथे जन्मलेले डॉ. वसंत रामजी खानोलकर तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख होते. तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. परंतु रुग्ण तंबाखू खात होता, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. तंबाखू खाणारी धडधाकट माणसेही असतातच! त्यासाठी तुलना हवी. रुग्णांत ही सवय किती जणांना आहे आणि ज्यांना तो आजार नाही त्यांच्यात किती जणांना आहे, हे शेजारी शेजारी मांडून पाहावे लागते. डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये लंडनमध्ये फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा संबंध याच रीतीने दाखवला.

संघवी, राव आणि खानोलकर यांनी मुंबईत हीच रीत वापरली व १९५५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तंबाखू चघळणाऱ्यांत कर्करोग मुख्यतः तोंडाच्या पोकळीत आढळला. विडी ओढणाऱ्यांत तो घशाकडच्या भागात, जिभेच्या मुळाशी आढळला. आंध्रातील श्रीकाकुलम भागात चुट्टा पेटलेले टोक तोंडात धरून ओढतात. तिथे इजा टाळूला होते. सवय जिथे, आजार तिथे! योगायोगाला असा पत्ता नेमका सापडत नाही.

यानंतर संशोधक खेड्यांत गेले. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेला अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे एर्नाकुलम, श्रीकाकुलम आणि भावनगर या तीन जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या सुमारे ३६,००० लोकांना दरवर्षी भेटून सवय सोडण्यास समजावले गेले. ज्यांनी ती सोडली, त्यांच्यात कर्करोगाआधी येणारे पांढरे चट्टे कमी उद्‌भवले. कारण काढले, की परिणाम कमी झाला. हकिमाने मागितलेली चाचणी अखेर पुरी झाली.

ज्ञान झाले, पण ते पाकिटावर उमटायला वेळ लागला. १९७५ च्या कायद्याने वैधानिक इशारा आला तो फक्त सिगारेटवर. विडी २००३ च्या कायद्यापर्यंत त्यातून सुटली होती. यामुळेच की काय, विडी सौम्य असते हा समज टिकून राहिला. वास्तविक तेंदूचे पान हवा सहजी आत येऊ देत नाही. विडी विझू नये म्हणून पुन्हापुन्हा जोरात झुरके घ्यावे लागतात, आणि विष कमी जात नाही. महाराष्ट्रात तर धुरापेक्षा तोंडातली तंबाखूच मोठी. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील १५ वर्षांवरील २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे होते ३.८ टक्के.

आम्ही ज्या शाळेत शिकलो, तिथले एक गुरुजी मधल्या सुट्टीत आम्हाला पैसे देऊन पुडी आणायला पाठवत. गणित फार छान शिकवत. पुडी आणण्याचा मान मिळावा म्हणून आमच्यात चढाओढ असे. त्यांनी तंबाखूचा धडा कधी शिकवला नाही. पण आम्ही तो शिकलो, आणि आमच्यातले काहीजण अजून विसरलेले नाहीत. आज २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे हा गुन्हा आहे, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकताही येत नाही.

वर्गात एक उपक्रम घेता येईल. मुलांनी दोरीने शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, मोजावेत आणि त्या आवारात कोणती दुकाने आहेत ते नकाशावर मांडावे. घरच्या मोठ्यांना उघड्या तोंडात तीन बोटे उभी मावतात का, हे ज्याने त्याने स्वतःच पाहावे. मावत नसतील, किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा वा न भरणारी जखम असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई नको.

एक तपासणी मात्र शिक्षकांनी मुले येण्यापूर्वीच करायची आहे : स्वतःच्या खिशाची.