नवी नोंद आणि आगमनाचा काळ : गाजरगवताचे उदाहरण

एखाद्या प्रदेशात वनस्पतीची 'नवी नोंद' होते, तेव्हा ती तेथे दिसल्याचा काळ कळतो, आल्याचा नव्हे. गाजरगवत पुण्यात १९५५ साली आढळले व आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये ते भारतासाठी नवे म्हणून प्रसिद्ध केले. ते पी.एल. ४८० च्या गव्हातून आले, असे आपण वर्गात सर्रास सांगतो (प्रस्तुत लेखकानेही सांगितले आहे). परंतु त्या कायद्याखालील भारताचा करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणजे पुण्यातील रोपांनंतरचा! शिवाय रॉक्सबर्ग यांच्या १८१४ च्या कलकत्ता उद्यानाच्या यादीत हे नाव आहेच. कुर्डुवाडीसारख्या जंक्शनवर रुळांलगत उगवलेल्या अनोळखी रोपाचा वाळवलेला नमुना स्थळ व दिनांकासह महाविद्यालयीन संग्रहात ठेवला, तरच असा वाद पुढे पुराव्याने सोडविता येईल.